निगा आणि फेरफार

रविवारच्या सकाळीं पुण्यासारख्या शहरांतील एखाद्या सुशिक्षित वस्तींतून फेरफटका मारला, तर हल्लीं एक नवें दृश्य वरचेवर दृष्टीस पडतें. बंगल्याच्या फाटकाच्या आंत अथवा सोसायटीच्या एखाद्या कोपऱ्यांत एक उंच, चौकोनी, ओबडधोबड जीप उभी असते. तिचें एक चाक काढून बाजूस ठेवलेलें असतें. आणि तिच्या पोटाखालून तेलकट विजारींतले दोन पाय बाहेर आलेले दिसतात. हे पाय एखाद्या मिस्तऱ्याचे असावेत अशा समजुतीनें आपण पुढें जाऊं लागतों, तों ते बँकेंतील अधिकाऱ्याचे, दंतवैद्याचे अथवा आमच्याच एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचे निघतात. दगडधोंड्यांतून व चिखलांतून चालणारी गाडी घरीं बाळगणें, तिची निगा स्वतःच्या हातानें राखणें, आणि आपल्या मनाप्रमाणें तिच्यांत फेरफार करणें, हा एक छंदच आमच्या मध्यम वर्गांत रुजूं लागला आहे.

कांहीं मंडळींस हा प्रकार निव्वळ रिकामटेकडेपणाचा वाटतो. डोंगरदऱ्यांत जाण्याचें ज्यास कांहींएक कारण नाहीं, त्यानें डोंगरदऱ्यांत चालणारी गाडी घ्यावी, आणि मग ती मोडते म्हणून दुरुस्त करीत बसावें, यांत पुरुषार्थ तो कोणता, असें ते विचारतात. दुसऱ्या कित्येकांस यांत हस्तकौशल्याचें पुनरुज्जीवन दिसतें, आणि ते एकदम रस्किन व टॉलस्टॉय यांचीं नांवें घेऊं लागतात. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. या दोहोंच्या मध्यें जो प्रश्न दडलेला आहे तो केवळ जीपपुरता नाहीं, म्हणून त्याचा थोड्या विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विकत घेतलेल्या वस्तूवर मनुष्याचा अधिकार कोठपर्यंत चालतो, आणि उलट त्या वस्तूचाहि मनुष्यावर कांहीं अधिकार असतो काय, असा तो प्रश्न आहे.

ज्या वाहनाविषयीं आपण बोलत आहों त्याचा जन्म युद्धाच्या धामधुमींत झाला. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें पाव टन ओझें वाहणारी व चारी चाकांस शक्ति पोंचविणारी एक हलकी गाडी कारखानदारांकडे मागितली. बँटम नांवाच्या एका लहान कंपनीनें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पहिला नमुना तयार करून दिला, आणि पुढें विलीज व फोर्ड यांच्या कारखान्यांतून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. विलीजचें इंजिन चार सिलिंडरांचें, साठ अश्वशक्तीचें; खालीं शिडीसारखी पोलादी चौकट; पुढें व मागें एकेक अखंड धुरा; धुऱ्यांवर पाट्यांच्या कमानी; आणि वर पत्र्याची उघडी पेटी. एवढाच तो संसार. या गाडीचा सारा घाट एका गृहीतावर बेतलेला होता: ती मोडणार, आणि जेथें मोडेल तेथें कारखाना नसणार. म्हणून चिखलांत उभें राहून, जुजबी हत्यारांनिशीं, तिचा कोणताहि अवयव उघडतां यावा अशी ती घडविली गेली.

असें वाहन लोकांच्या हातीं पडल्यावर लोकांनीं तें तसेंच ठेवलें नाहीं. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानें फिलिपाइन्समध्यें मागें ठेवलेल्या जीपा तेथील कारागिरांनीं लांबविल्या, त्यांवर छप्पर चढविलें, भडक रंग दिले, आणि त्यांतून मनिला शहराची ‘जीपनी’ नांवाची सार्वजनिक वाहतूक उभी राहिली. आमच्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज गाड्यांची जुळणी आरंभिली. पुढें त्याच वंशांतील गाड्यांस डिझेल इंजिनें आलीं, त्यांची पाठ लांबली, आणि सातारा-कोल्हापुराकडे ज्यास लोक ‘वडाप’ म्हणतात ती वाहतूक या गाड्यांनीं वर्षानुवर्षें चालविली. आंत दाटीवाटीनें माणसें, टपावर भाजीच्या पाट्या, मागील पायरीवर लोंबकळणारीं कॉलेजचीं मुलें. हें सर्व कायद्यांत बसत होतें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या गांवीं एस.टी.ची गाडी दिवसांतून एकदां येई, तेथील पुष्कळ मुलें-मुली तालुक्याच्या शाळेपर्यंत पोंचलीं तीं या गाड्यांमुळें. कारखान्यानें नेमून दिलेलें रूप हेंच वस्तूचें एकमेव योग्य रूप, असें मानणाऱ्यांनीं हा इतिहास आधीं ध्यानांत घ्यावा.

आतां निगेचा विचार करूं. ज्यानें ती कधीं राखली नाहीं त्यास ती धुण्या-पुसण्याची बाब वाटते. वास्तविक तींत फार बारीक लक्ष द्यावें लागतें. एक उदाहरण घेऊं. ओढ्याच्या पाण्यांतून जीप बाहेर आली, इंजिन नीट चालत आहे, गाडी घरीं पोंचली. सामान्य मनुष्याच्या मतें प्रसंग संपला. पण जाणता मनुष्य दुसऱ्या दिवशीं गाडीखालीं शिरतो आणि धुऱ्याच्या मध्यभागीं डिफरन्शियलचा जो फुगीर गोळा असतो त्याचा बूच सैल करून तेल पाहतो. तें दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजावें. हें पाणी शिरतें कसें? लांब पल्ल्याच्या धावण्यानें धुरा तापलेला असतो. तो एकाएकीं थंड पाण्यांत बुडाला कीं आंतील हवा आकुंचन पावते. त्या हवेस श्वास घेण्यासाठीं ठेवलेलें भोंक मातीनें बुजलेलें असलें किंवा तेंच पाण्याखालीं गेलें, तर धुरा बाहेरचें पाणी आंत ओढून घेतो. त्या दिवशीं कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें कांहीं महिन्यांनीं, गंजलेल्या दात्यांच्या रूपानें, एखाद्या घाटांत. कारण आणि परिणाम यांच्यामध्यें इतकें अंतर पडलें कीं बहुतेक लोक परिणामासाठीं नशिबास बोल लावितात. निगा राखणारा त्या अंतराच्या अलीकडे उभा राहून काम करितो.

दुसरें उदाहरण चाकाच्या बेअरिंगचें. तें काढून रॉकेलनें धुवावें, पुसून कोरडें करावें, मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन त्यांत तें दाबीत राहावें, जोंपर्यंत ग्रीस दुसऱ्या बाजूनें बाहेर येत नाहीं तोंपर्यंत. तें बसविल्यावर वरचा नट आवळावयाचा, चाक हातानें फिरवीत आवळावयाचा, आणि मग किंचित मागें घ्यावयाचा. अधिक आवळला तर बेअरिंग तापून जळतें. सैल राहिला तर चाक डुलतें. ॲरिस्टॉटलनें सद्गुणाची व्याख्या दोन टोकांच्या मधली स्थिति अशी केली, आणि ती स्थिति नियमानें सांगतां येत नाहीं, अनुभवी मनुष्याच्या विवेकानेंच ओळखावी लागते, असेंहि म्हटलें. हा भाग आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला आहे. बेअरिंगच्या नटाइतकें चांगलें उदाहरण त्या ग्रंथांत नाहीं, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करितों.

या कामाचें नैतिक मूल्य आहे तें येथें आहे असें आम्हांस वाटतें. लेखन, अध्यापन, वकिली, राजकारण, या आमच्या पांढरपेशा धंद्यांत सत्याची कसोटी फार ढिली असते. लंगडा युक्तिवाद चांगल्या वाक्यांत बसविला तर तो चालून जातो. श्रोते टाळ्या देतात आणि चूक कोणाच्या लक्षांत येत नाहीं. नट तिरपा धरून जोरानें फिरविला तर मात्र त्याचे आटे जातात, आणि ते गेले हें तत्काळ कळतें. तेथें वक्तृत्व चालत नाहीं, वशिला चालत नाहीं, आणि ‘माझा हेतु चांगला होता’ हें उत्तर तर मुळींच चालत नाहीं. मॅथ्यू क्रॉफर्ड या अमेरिकन लेखकानें २००९ सालीं हाच मुद्दा एका वाचनीय ग्रंथांत मांडला. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेतलेल्या या गृहस्थानें विचारवंतांच्या संस्थेंतील नोकरी सोडून मोटारसायकली दुरुस्त करण्याचें दुकान काढलें, आणि दुकानांत आपणांस अधिक विचार करावा लागतो असें प्रांजळपणें लिहिलें. त्याच्या आधीं, १९७४ सालीं, रॉबर्ट पर्सिगनें मोटारसायकलच्या निगेस तत्त्वचिंतनाचा विषय करून सोडलें होतें. दोघांचेंहि म्हणणें आम्हांस बऱ्याच अंशीं मान्य आहे.

सर्वांशीं मात्र नाहीं. यंत्राच्या बाबतींत जो सावध तो माणसांच्या बाबतींतहि सावध असेल, हें अनुमान या मंडळींच्या लिखाणांत गृहीत धरलेलें दिसतें, आणि तें अनुभवास उतरत नाहीं. बेअरिंग तळहातावर घेऊन लहान मुलासारखें जपणारा मनुष्य घरांत चहा आणून देणाऱ्या बायकोकडे मान वर करूनहि पाहत नाहीं, असें आपण कितीदां पाहतों! सद्गुणाची संवय एका क्षेत्रांतून दुसऱ्या क्षेत्रांत आपोआप वाहत जात नाहीं. एवढें मात्र खरें कीं, वस्तुस्थितीपुढें मान तुकविण्याची संवय ज्यास कोठेंच लागली नाहीं त्याच्यापेक्षां ज्यास ती एका ठिकाणीं लागली तो बरा.

निगेंत मनुष्य वस्तूचें ऐकतो; फेरफारांत वस्तूनें मनुष्याचें ऐकावें अशी अपेक्षा असते. हा भेद मोलाचा आहे, परंतु तो कुंपणासारखा स्पष्ट नाहीं. वर धुऱ्याच्या श्वासाच्या भोंकाविषयीं लिहिलें. त्या भोंकास रबराची नळी जोडून ती इंजिनाच्या कप्प्यांत उंच नेऊन बांधणें हा फेरफारच आहे, आणि पाण्यांतून वारंवार जाणाऱ्या गाडीस त्याहून चांगली निगा नाहीं. उलट कित्येक फेरफार असे असतात कीं त्यांस गाडीच्या गरजेशीं कर्तव्य नसतें. त्यांचा उगम आरशांत असतो. ज्या गाडीस आयुष्यांत मुठा नदीच्या पुलाहून अधिक अवघड जागा पाहावी लागली नाहीं, तिच्या कपाळावर चार दिवे, नाकासमोर लोखंडी कठडा, आणि बाजूस पाण्यांतून श्वास घेणारें धुराडें! अशा गाडीस आम्ही दागिन्यांनीं मढविलेल्या नवरदेवापेक्षां अधिक मान देऊं शकत नाहीं.

पण शोभेचा प्रश्न रुचीचा आहे, नीतीचा नाहीं. नीतीचा प्रश्न गाडी उंच करण्यापासून सुरू होतो. खडकांवर पोट आपटूं नये म्हणून मनुष्य नवे, अधिक वळणाचे पाटे बसवून गाडी तीन-चार इंच उचलतो, आणि खालीं मोठे टायर घालतो. येथवर हेतु सरळ आहे. पण गाडी ही एकमेकांशीं बांधलेल्या अवयवांची गोष्ट आहे. गाडी उंच झाली कीं गुरुत्वमध्य वर जातो, आणि वळणावर ती कलंडण्यास पूर्वीपेक्षां कमी निमित्त लागतें. इंजिनाची शक्ति मागें नेणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो व ती थरथरूं लागते. ब्रेकचें तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी जुन्या उंचीच्या मापाची असते. खड्ड्यांत चाक पूर्ण खालीं लोंबलें कीं ती ताणली जाते, आणि एखाद्या दिवशीं तुटते. अठ्ठावीस इंचांच्या टायराजागीं एकतीस इंचांचा टायर घातला तर गतिमापक ६० दाखवीत असतांना गाडी वास्तविक सुमारें ६६ च्या वेगानें धांवत असते. आणि त्याच वेळीं जड चाक थांबविण्यास ब्रेकांस अधिक कष्ट पडतात. म्हणजे मालक ज्या क्षणीं स्वतःस अधिक समर्थ समजतो, त्याच क्षणीं त्याची गाडी थांबण्याच्या कामीं दुबळी झालेली असते, आणि त्यास तें दाखविणारें यंत्रहि खोटें बोलत असतें.

मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत व्यक्तीच्या मोकळीकीची मर्यादा सांगितली ती इंग्रजी शिकलेल्या आमच्या तीन-चार पिढ्यांच्या अंगवळणीं पडली आहे: दुसऱ्यास अपाय होतो तेथें ती मोकळीक थांबते. या कसोटीनें पाहिलें तर आसनाचें कापड, टपाचा रंग, सामान बांधण्याच्या कड्या हीं सर्व मालकाच्या मोकळीकींत येतात. ब्रेक येत नाहींत, दिवे येत नाहींत, आणि पुढचा तो लोखंडी कठडा तर मुळींच येत नाहीं. आधुनिक गाडीचें नाक धडकेंत चेपावें अशाच हेतूनें केलेलें असतें. तें चेपतें म्हणून पायीं चालणाऱ्याच्या वांट्यास आघात थोडा कमी येतो. लोखंडी कठडा चेपत नाहीं. शिवाय आंतील हवेच्या पिशव्या केव्हां फुगाव्या हें ठरविणाऱ्या योजनेंतहि तो ढवळाढवळ करितो, म्हणजे ज्याच्या रक्षणासाठीं तो लाविला त्याचेंहि नुकसान करितो. २०१७ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारच्या रस्ते-वाहतूक खात्यानें राज्यांस या कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास लिहिलें. तरी ते आजहि रस्त्यांवर दिसतात. तें पाहून आम्हांस वाटतें कीं, आपल्या लोकांस ‘माझी गाडी’ या शब्दांतील पहिला शब्द फार लवकर ऐकूं येतो.

कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर ठोकपणें दिलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखानदारानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्रांतील तपशील जुळणार नाहीं असा फेरफार करितां येत नाहीं; इंजिन बदलावयाचें तर परवानगी लागते. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणीं हाच अर्थ कडकपणें लाविला, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें प्रत्येक बेकायदा फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. या कायद्याचा हेतु आम्हांस मान्य आहे. परंतु श्वासाच्या नळीवर आणि नाकावरच्या कठड्यावर एकच संशयाची नजर ठेवणारा कायदा विचारी मनुष्यास शिकवीत कांहींच नाहीं. तो त्यास फक्त लपवावयास शिकवितो. सक्षम तज्ज्ञाकडून फेरफाराची तपासणी करवून मग त्यास मान्यता देण्याची व्यवस्था जर्मनीसारख्या देशांत आहे. तशी सोय येथें ऐसपैस झाली तर जबाबदार मनुष्य आपलें काम उघड्यावर आणील, आणि बेजबाबदार मनुष्यास ‘सगळेच करितात’ ही सबब उरणार नाहीं.

कायद्याच्या या तपशिलांत एक जुनी तात्त्विक गंमत दडलेली आहे, तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहतात; त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची जीप आहे. तिचा पत्रा दोनदां बदलला, गिअरपेटी बदलली, पाटे, आसनें, तारा, रेडिएटर, सर्व कांहीं कालपरत्वें नवें आलें. तरी ते म्हणतात, ‘ही बाबांचीच गाडी.’ पाली वाङ्मयांतील मिलिंदप्रश्नांत नागसेन भिक्षु यवन राजास हेंच विचारतो, आणि योगायोग असा कीं तेथेंहि उदाहरण वाहनाचेंच आहे: रथ म्हणजे धुरा काय? चाकें काय? जूं काय? राजास प्रत्येक वेळीं ‘नाहीं’ म्हणावें लागतें, आणि अखेर रथ हें त्या अवयवांच्या आधारें पडलेलें केवळ एक नांव आहे असें ठरतें. ग्रीकांकडे थीसिअसच्या जहाजाची कथा प्लुटार्कनें सांगितली. आणि सतराव्या शतकांत हॉब्सनें तींत आणखी एक पेंच घातला, कीं काढून टाकलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कोणी दुसरें जहाज बांधलें तर खरें कोणतें? आमच्या नैयायिकांनीं अवयवी हा अवयवांहून निराळा मानला. तरी अवयव बदलल्यावर तोच अवयवी राहतो कीं नवा उत्पन्न होतो, हा पेंच त्यांनाहि चुकला नाहीं. या सर्व थोर मंडळींचा वाद परिवहन खात्यानें एका झटक्यांत मिटविला आहे: चौकटीवर ठोकलेला क्रमांक जोंपर्यंत तोच आहे तोंपर्यंत गाडी तीच. कागद त्या क्रमांकावर ठेवून पेन्सिल घांसावी, अंक उमटावेत, म्हणजे आत्म्याचें अस्तित्व सिद्ध झालें.

हंसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट आहे, तरी शेजारच्या गृहस्थांचें म्हणणें निराळें आहे. त्यांस तो क्रमांक पाठ नाहीं. त्यांच्या दृष्टीनें गाडीची एकता तिच्या निगेच्या सलगपणांत आहे: वडिलांनीं जें राखलें तें त्यांनीं खंड पडूं न देतां राखलें, आणि प्रत्येक नवा अवयव जुन्या उरलेल्या अवयवांशीं जुळवून बसविला. हें उत्तर आम्हांस नागसेनाच्या उत्तराइतकेंच विचारार्ह वाटतें. घराणें, भाषा, संस्था यांच्याविषयीं आपण ‘तीच’ हा शब्द वापरतों तो दुसऱ्या कोणत्या अर्थानें वापरतों?

लॉकनें मालकीचें मूळ श्रमांत शोधलें. मनुष्य ज्या वस्तूंत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते, असें त्याचें म्हणणें. पैसे मोजून घेतलेल्या गाडीस हें तत्त्व लागूं करितां दोन प्रकारची मालकी दिसूं लागते, एक पावतीची व दुसरी हातांची. अलीकडच्या काळांत या दोहोंची फारकत वाढत चालली आहे. जुन्या जीपेचें इंजिन झाकण उचललें कीं वाचतां येत असे. २०२० सालीं निघालेल्या नव्या थारसारख्या गाडींत तेल किती जाळावें हें संगणक ठरवितो, आणि समोर पेटलेल्या दिव्याचा अर्थ कळण्यास वाचक-यंत्र जोडावें लागतें. आपल्या वस्तूची दुरुस्ती करण्याचा हक्क मालकास असावा अशी चळवळ यामुळेंच निघाली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ सालीं मोटारींपुरता तसा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें २०२२ च्या जुलैंत त्यासाठीं समिति नेमली, आणि तिनें निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारी व शेतीचीं अवजारें यांचा समावेश होता. या चळवळीस आमची सहानुभूति आहे. तथापि कारखानदाराचें प्रत्येक कुलूप लोभाचेंच असतें असें समजूं नये. धूर गाळणारी यंत्रणा काढून फेंकली कीं इंजिनास जरा जोर येतो, आणि तें कुलूप उघडून मिळाल्यास असें करणारे महाभाग थोडे निघणार नाहींत. त्या जोराची किंमत शेजारच्या घरांतील दम्याच्या रोग्याच्या फुफ्फुसांतून वसूल होते.

गाडी नेली कोठें जाते, याविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तेथें वादास फारशी जागा नाहीं. आडवाटेनें जाणें म्हणजे कोठेंहि जाणें असा समज या छंदांतील नवशिक्यांचा असतो. सह्याद्रीचे सडे वरून उजाड खडकासारखे दिसतात, पण त्या खडकावरील बोटभर मातींत पावसाळ्याचीं तीं चिमुकलीं फुलें येतात, जीं पाहण्यास लोक कासच्या पठारावर गर्दी करितात. तें पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. तेथें चाकाखालीं दबलेली माती पुन्हां मोकळी होण्यास किती पावसाळे लागतील, याचा हिशेब चालविणारा करीत नाहीं. कोंकणांत वेळाससारख्या किनाऱ्यांवर समुद्रकांसवें वाळूंत अंडीं घालतात. वरून गाडी गेली तर वाळू दडपते, आणि गाडींतल्या मनुष्यास कांहीं कळतहि नाहीं. ज्यास धुऱ्यांतील तेलाचा रंग पाहण्याइतका धीर आहे, त्यास आपण कशावरून चालत आहों तें पाहण्याचा धीर नसावा, ही विसंगति आम्हांस खटकते.

शेवटीं एक मुद्दा राहतो, आणि आमच्या मतें तोच सर्वांत अवघड आहे. हस्तकौशल्याचें हें पुनरुज्जीवन कोणाच्या हातांचें? शेंकडों वर्षें आपण हातानें काम करणारास खालीं बसविलें आणि पोथी वाचणारास वर बसविलें. आतां पोथी वाचणारा सुटीच्या दिवशीं हातांस तेल लावून घेतो, त्याचें कौतुक होतें, आणि त्याचीं छायाचित्रें मित्रांत फिरतात. ज्याचे हात सहा दिवस तेलांतच असतात त्या मिस्तऱ्यास मात्र ‘अरे, इकडे ये’ अशीच हांक पडते. गॅरेजांत चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें शाळा सोडून नट धुवीत बसलेलीं आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्यांच्या कामास कोणी साधना म्हणत नाहीं. श्रमास प्रतिष्ठा आली असें म्हणण्याआधीं ती श्रम करणारापर्यंत पोंचली कीं वाटेंतच एखाद्या हौशी गृहस्थानें उचलली, हें पाहिलें पाहिजे.

शेजारच्या गृहस्थांची गोष्ट या बाबतींत थोडी वेगळी आहे, म्हणून ती सांगण्यासारखी वाटते. त्यांस जें येतें तें त्यांनीं नाना पेठेंतील एका वृद्ध मुसलमान मिस्तऱ्याकडून शिकून घेतलें. त्यांस ते चाचा म्हणतात; चाचा त्यांस साहेब म्हणतात, आणि त्यांच्या चुका न लाजतां दाखवितात. एकदां नवीं रंगविलेलीं चाकें बसवून झालीं. गृहस्थ हात धुण्यास निघाले, तेव्हां चाचांनीं त्यांस थांबविलें.

‘साहेब, पन्नास किलोमीटर फिरवून आणा. मग परत आवळूं.’

‘आतांच तर आवळले ना, चाचा?’

‘आवळले. पण नटाखालचा रंग अजून ताजा आहे, तो दबणार. दबला कीं नट ढिला.’

पुस्तकांत ही गोष्ट असेल. पण ती नेमकी त्या वेळीं सांगणारा मनुष्य पुस्तकांत नसतो. चाचांचा मुलगा एका मोठ्या सेवाकेंद्रांत नोकरीस आहे. तेथें पांढरी टोपी आहे, पगार वेळेवर आहे, वाचक-यंत्र जोडून त्यानें सांगितलेला भाग बदलावयाचा आहे. वडिलांचें काम शिकण्याची त्यास इच्छा नाहीं, आणि त्यास दोष देण्याचा अधिकार निदान आमच्यासारख्यास नाहीं. शेजाऱ्यांची मुलगी मात्र गेल्या उन्हाळ्यापासून रविवारीं दिवा धरावयास येऊन बसते. बेअरिंगचा नट किती मागें घ्यावयाचा हें चाचांनीं तिच्या हातावर आपला हात ठेवून दोनदां दाखविलें. तिसऱ्या वेळीं तिनें एकटीनें बसविलें, आणि चाचांनीं चाक फिरवून पाहून पुढल्या चाकाकडे मोर्चा वळविला. तिच्या आईचें म्हणणें असें कीं, बारावीचें वर्ष आहे, हें सर्व पुढल्या वर्षीं शिकतां येईल. चाचांचें वय सत्तरीच्या पुढें गेलें आहे.